लॉकरबी आणि कलम ७

कायद्यातल्या एका वाक्यावरून खटला सात वर्षं अडून राहतो, हे वाचून मी तर चाटच पडलो. त्याचीच ही गोष्ट.

१९७१ चा माँट्रियल करार प्रवासी विमानात बॉम्ब ठेवणे, विमान पाडणे असल्या गुन्ह्यांसाठी झाला. त्याचं कलम ७ सोप्या भाषेत असं: संशयित तुमच्या देशात सापडला, तर त्याला मागणाऱ्या देशाच्या स्वाधीन करा, नाहीतर तुमच्याच यंत्रणेकडे खटल्यासाठी सोपवा. आमच्या धंद्याच्या भाषेत साधं इफ-एल्स. हेतू हा, की असल्या माणसाला कुठेच आसरा मिळू नये.

पण संशय खुद्द त्या देशाच्या सरकारवरच असेल तर?

२१ डिसेंबर १९८८ ला पॅन ॲमचं १०३ क्रमांकाचं विमान स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर बॉम्बने फुटलं. विमानातले २५९ आणि गावातले ११, मिळून २७० जीव गेले. नोव्हेंबर १९९१ मध्ये दोन लिबियन माणसांवर आरोप ठेवले गेले. ते लिबियाच्या गुप्तहेर खात्याचे, असं आरोपपत्र म्हणत होतं.

अमेरिका-ब्रिटन म्हणाले, द्या आमच्याकडे. लिबिया म्हणाला, कलम ७ वाचा, आम्हीच बघतो! मार्च १९९२ मध्ये तो थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. गंमत म्हणजे, नुसते शब्द पाहिले तर त्याचं म्हणणं खोडणं सोपं नव्हतं.

२८ मार्चला सुनावणी संपली. ३१ मार्चला सुरक्षा परिषदेने ठराव ७४८ करून लिबियाची हवाई वाहतूक तोडली. १४ एप्रिलला न्यायालयाने ११ विरुद्ध ५ मतांनी लिबियाला अंतरिम संरक्षण नाकारलं. आधार यूनोच्या सनदेचं कलम १०३: सनदेची बंधनं इतर करारांच्या वर.

शेवटी तोडगा निघाला तो करारात नसलेलाच. जागा नेदरलंड्सची, कायदा स्कॉटलंडचा, न्यायाधीश तीन, ज्युरी नाही. आरोपी ५ एप्रिल १९९९ ला ताब्यात आले. ३१ जानेवारी २००१ ला एक दोषी ठरला, दुसरा सुटला.

मला विचाराल तर परिषदेने केलं ते बरंच केलं. नाहीतर त्या २७० घरांना एवढाही निकाल मिळाला नसता. पण एक गोष्ट खटकतेच. उद्या असाच संशय व्हेटो असलेल्या एखाद्या देशावर आला, तर ठराव ७४८ कोण करणार? तिथे कलम ७ चं इफ-एल्स पुन्हा त्याच जागी अडकेल, आणि मेलेल्यांची माणसं वाट बघत बसतील.