माठ भट्टीतून धडधाकट निघाला, मग चार दिवसांनी त्याचा टवका का उडतो?

उन्हाळा लागला की माठाची खरेदी ठरलेली. बोटाच्या पेराने वाजवून घ्यायचा, उन्हाकडे धरून आत डोकवायचं, घरी आणून पाणी भरायचं. सगळं ठीक असतं. आणि चार-पाच दिवसांनी माठाच्या पोटावरून नखाएवढा टवका आपोआप निघून पडतो. खड्ड्यात बघितलं तर मधोमध एक पांढरा ठिपका.

घरातले म्हणतात, कुंभाराने कच्चा माल दिला. विकणारा म्हणतो, तुम्हीच कुठेतरी आपटला असेल. बहुतेक वेळा दोघांचाही अंदाज चुकलेला असतो. सगळी करामत त्या पांढऱ्या ठिपक्याची असते, आणि तो मातीत आधीपासूनच बसलेला असतो.

मराठवाड्यात ही अडचण समजून घ्यायची तर जमिनीपासून सुरुवात करावी लागते. बीडजवळच्या नारायणगडाचं उदाहरण घ्या. ‘धाकटी पंढरी’ म्हणून हा गड सगळ्यांना माहीत असतो. पण त्याच्या आजूबाजूचा सगळा मुलूख, म्हणजे बालाघाटचे डोंगर आणि त्यांच्याखालची रानं, उभा आहे तो बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर. हा पाषाण झिजला की काळी माती तयार होते. त्यातलं कॅल्शियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतं आणि कमी पावसाच्या भागात तिथेच साचून चुनखडीचे खडे बनतात. शेतकऱ्याला हे खडे चांगलेच ठाऊक असतात. चुनखडीच्या रानात ऊस किंवा मोसंबी पिवळी पडते, कारण तिथे झाडाला लोह नीट घेता येत नाही. कुंभाराला तेच खडे वेगळ्या प्रकारे छळतात.

खडा फुगतो म्हणजे नेमकं काय होतं?

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. साधारण ८०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ती फुटते, त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो कळीचा चुना. घराला चुना देताना पिंपात कळी टाकून वर पाणी ओतलं की ती कशी उकळते आणि फुलते, हे जुन्या लोकांनी पाहिलेलं आहे. त्यालाच आपण चुना विझवणं म्हणतो. विझताना चुन्याचं आकारमान जवळपास दुप्पट होतं.

आता हीच कळी हरभऱ्याच्या डाळीएवढी आहे आणि ती माठाच्या भाजलेल्या भिंतीत अडकली आहे, असं समजा. तिला पाणी मिळालं की ती फुगणारच. माठात पाणी भरलं नाही तरी हवेतला ओलावा पुरतो, फक्त वेळ जास्त लागतो. पावसाळ्याच्या दमट दिवसांत भाजलेल्या आणि नुसत्या फळीवर मांडून ठेवलेल्या वस्तूंचे टवके आठवड्या-दोन आठवड्यांनी उडतात ते यामुळेच. तोवर माल विकला गेलेला असतो आणि दोष कुंभाराच्या माथी बसतो. एका आव्यात कित्येक दिवसांची मेहनत एकदम भाजली जाते. त्यामुळे गिऱ्हाईक परत आलं की फक्त एका माठाचे पैसे जात नाहीत, पुढच्या बाजाराची पतही जाते.

इथे एक गंमत आहे. गावातल्या उघड्या आव्यात, म्हणजे गोवऱ्या, भुसा आणि लाकूड रचून लावलेल्या भट्टीत, तापमान साधारण ७०० ते ९०० अंशांच्या आसपास राहतं. कमी तापलेल्या आव्यात चुनखडीची कळी होतच नाही, ती दगड म्हणून गप्प पडून राहते. उलट शहरात हौसेने मातीकाम शिकलेली मंडळी इलेक्ट्रिक भट्टीत ९५० ते १००० अंशांना भाजतात, आणि चुनखडीवाल्या मातीसाठी हाच टप्पा सगळ्यात वाईट. कळी पूर्ण तयार झालेली असते, पण भोवतालच्या मातीशी एकजीव व्हायला लागणारी उष्णता मिळालेली नसते. ती ११०० अंशांच्या आसपास मिळते, आणि तेवढ्या आचेला साधी लाल माती वाकायला, फुगायला लागते. म्हणजे ‘भट्टी आणखी तापवा, दोष जाईल’ हा सल्ला इथे उलटा पडू शकतो.

मग उपाय?

सगळ्यात खात्रीचा उपाय सगळ्यात कंटाळवाणा आहे. मातीचा पातळ गारा करायचा आणि बारीक चाळणीतून किंवा कापडातून गाळून घ्यायचा. लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की चुनखडी मातीत असणं हा दोष नाही, तिचा खडा असणं हा दोष आहे. पिठासारखी बारीक चुनखडी मातीत पसरलेली असेल तर टवके उडत नाहीत, फक्त भाजल्यावर रंग थोडा फिका येतो. म्हणून मातीवर व्हिनेगर टाकल्यावर बुडबुडे आले की लगेच ती फेकून द्यायची नसते. काळी माती बहुतेकदा फसफसतेच. ओली माती बोटांत चोळून बघा, पांढरे कण लागतात का. लागले तर चाळणी काढा.

माती आधीच वापरून झाली असेल आणि भांडी भाजून निघाली असतील, तरी एक मार्ग उरतो. भट्टीतून काढलेली भांडी कोमट असतानाच पाण्यात पूर्ण बुडवून काही तास ठेवायची. भरपूर पाणी एकदम मिळालं की कळी विझून मऊ लगदा होते आणि मातीच्या छिद्रांत पसरते. हळूहळू ओलावा पिऊन ती जेवढा जोर लावते तेवढा लावत नाही. वीटभट्टीच्या धंद्यातही हा उपाय माहितीचा आहे. लहान खड्यांना तो लागू पडतो. वाटाण्याएवढ्या खड्यापुढे त्याचं काही चालत नाही.

मातीत थोडं मीठ मिसळणं हाही जुना उपाय, साधारण शंभर किलो मातीला अर्धा ते एक किलो. त्याने चुन्याचा जोर कमी होतो. पण इलेक्ट्रिक भट्टी असेल तर मिठाच्या वाफेने तिच्या तारा खराब होतात आणि धूरही घशाला लागतो, तेव्हा घरच्या भट्टीत हा प्रयोग नकोच.

तडा कुठे आहे, यावरून कारण कळतं

टवके सोडले तर उरलेली बहुतेक तक्रार तड्यांची असते. तडा भट्टीत दिसला म्हणजे तो भट्टीतच पडला असं नाही. पुष्कळ तडे वाळतानाच पडलेले असतात, आचेत ते फक्त उघडतात.

काठावरून खाली उतरणारा, वर रुंद आणि खाली निमुळता होत गेलेला तडा म्हणजे काठ आधी वाळला आणि पोट ओलं राहिलं. चाकावर केलेल्या भांड्याच्या बुडाला नागमोडी तडा असेल तर बूड नीट दाबलं गेलं नव्हतं. हे दोन्ही काळ्या मातीत जास्त दिसतात, कारण ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. मे महिन्यात भेगाळलेलं रान आठवा, तेच एका भांड्यात घडतं. म्हणून कुंभार तिच्यात वाळू, राख, लीद मिसळतो. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीच्या विटांसाठी सुचवलेला मार्गही याच जातीचा आहे: आधी भाजलेल्या मातीचा चुरा कच्च्या मातीत मिसळायचा. एकदा भाजलेली माती पुन्हा आकसत नाही, त्यामुळे सगळ्या गोळ्याचं आकसणं कमी होतं. फुटक्या मडक्यांचं कूट वाया घालवू नये ते याचसाठी.

आपली माती किती आकसते ते मोजायला यंत्र लागत नाही. ओल्या मातीची पट्टी करून तिच्यावर बरोबर १० सेंटीमीटरची रेघ मारा. भाजल्यावर ती ९ सेंटीमीटर भरली तर माती १० टक्के आकसली. नव्या जागेची माती आणली की आधी पट्टी, मग माठ.

याउलट केसासारखा बारीक, धारदार कडांचा, दोन्ही बाजू एकमेकींत अगदी चपखल बसतील असा तडा थंड होताना पडलेला असतो. मातीतल्या वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण ५७३ अंशांना आपली रचना बदलतात. तापताना किंचित फुगतात, निवताना किंचित आकसतात. घाईने आवा उकलला आणि गार वारा लागला की भांड्याची एक बाजू हा टप्पा आधी ओलांडते आणि भांडं चिरतं. इथे माती निर्दोष असते, घाई नडलेली असते.

आणि भट्टी पेटवल्यावर लगेच ‘फट’ आवाज येऊन भांड्याचे तुकडे झाले असतील तर ती वाफ आहे. हाताला कोरडं वाटलेलं भांडं आत ओलं होतं.

कच्चं मडकं ओळखायचं कसं?

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. संतमेळ्यात मडकी तपासावीत तशी त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटी मारली आणि नामदेव कच्चे ठरले. गोष्ट भक्तीची असली तरी त्यातली परीक्षा खरीखुरी आहे. नीट भाजलेलं आणि तडा नसलेलं भांडं खणखणतं. कमी भाजलेलं किंवा आतून चिरलेलं भांडं बसक्या आवाजात बोलतं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या, जोर्वे इथे सापडलेल्या आणि त्याच गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मृद्भांड्यांबद्दल लिहितानाही पुरातत्त्वज्ञ त्यांच्या धातूसारख्या खणखणीत आवाजाचा उल्लेख करतात.

मातीला चिकटलेलं रासायनिक पाणी साधारण ४५० ते ६०० अंशांदरम्यान निघून जातं. त्याच्या आत भट्टी विझली तर भांडं पाण्यात पुन्हा चिखल होतं. त्याच्यावर गेली, पण थोडीच, तर भांडं टिकतं पण भुसभुशीत राहतं. अशा भांड्याला दुसऱ्यांदा सावकाश भाजता येतं. तडा मात्र दुसऱ्या भाजणीत सांधत नाही, उलट वाढतो.

तुटलेल्या कडेत बाहेर लाल आणि आत काळा पट्टा दिसला की पुष्कळजण घाबरतात. मातीतला पालापाचोळा, लीद पूर्ण जळायला वेळ किंवा हवा मिळाली नाही एवढाच त्याचा अर्थ. पाण्याच्या माठाला त्याने सहसा बिघडत नाही.

राहिली माठाच्या अंगावर येणारी पांढरी पूड. नवा माठ पाणी न भरताच पांढरा पडला असेल तर मातीतले क्षार वर आलेत, ते ओल्या फडक्याने बरेचसे निघतात. महिना-दोन महिने वापरल्यावर थर आला असेल तर तो तुमच्या बोअरच्या जड पाण्याचा आहे. लिंबू चोळल्यावर फसफसला की खात्री पटली. हा थर छिद्रं बुजवतो, पाणी बाहेर पाझरून वाफ होणं कमी होतं आणि माठ गार करेनासा होतो. तेव्हा माठ बदलण्याआधी नारळाच्या शेंडीने, साबण न लावता, बाहेरून घासून बघा.