मानसशास्त्रातील संख्याशास्त्र व संशोधन पद्धती यांचे अध्ययन : गोव्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

माणसाचे मन समजून घेण्याच्या ओढीने विद्यार्थी मानसशास्त्राकडे येतो आणि मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध, शून्य परिकल्पना यांपाशी अडखळतो. या भीतीचे कारण केवळ गणित नव्हे. सूत्र शिकविले जाते, परंतु ते कोणत्या प्रश्नातून जन्माला आले हे क्वचितच सांगितले जाते. प्रस्तुत लेखात या विषयाचा इतिहास गोव्याच्या, विशेषतः पेडणे व डिचोली तालुक्यांच्या संदर्भात पाहावयाचा आहे.

शैक्षणिक पार्श्वभूमी

पेडणे व डिचोली हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आले. त्यांची गणना नव्या काबिजादीत होते. पणजी येथे १८४२ पासून वैद्यकीय शिक्षणाची सोय होती. परंतु १९६१ च्या मुक्तीपर्यंत गोव्यात कला शाखेची पदवी देणारे महाविद्यालय नव्हते. १९६२ मध्ये पणजीचे धेंपे व मडगावचे चौगुले ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होऊन सुरू झाली. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठाचे कार्य सुरू झाले. पुढे विर्नोडा (पेडणे) व साखळी (डिचोली) येथे शासकीय महाविद्यालये आल्याने ग्रामीण विद्यार्थ्याला घराजवळ पदवीचे शिक्षण मिळू लागले.

पाठ्यपुस्तक आणि मानके

चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये शाळकरी मुलांच्या विविध विषयांतील गुणांचा सहसंबंध तपासून सामान्य बुद्धीची कल्पना मांडली. १९०८ मध्ये डब्लिनच्या मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या गॉसेट यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने लहान न्यादर्शासाठी पद्धत दिली. तीच आजची टी-चाचणी. तीस-पस्तीस विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रयोग घेणाऱ्या शिक्षकाला ही हकिगत अवश्य सांगण्याजोगी आहे.

हेन्री गॅरेट यांचे १९२६ चे संख्याशास्त्रावरील पुस्तक भारतात मुंबईहून पुनर्मुद्रित झाले आणि विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या त्यावर पोसल्या. याच गॅरेट यांनी १९५२ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात गोऱ्या व काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळांच्या बाजूने साक्ष दिली. सूत्र अचूक असले म्हणून निष्कर्ष न्याय्य ठरतोच असे नाही, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे बिने चाचणीचे मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी रूपांतर केले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. परक्या मुलांच्या मानकांनी आपली मुले मोजू नयेत, हा त्यामागील विचार होता. तोच प्रश्न पुढे नेला तर विचारावे लागेल : धारवाडची मानके पेडण्याच्या मुलाला जशीच्या तशी लागू करावीत काय? घरी कोकणी, शाळेत मराठी आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा तीन भाषांतून जाणाऱ्या मुलाचे गुण कमी आले, तर चाचणीने बुद्धी मोजली की भाषा? सप्रमाणतेचा प्रश्न तो हाच.

जनमत कौल : एक उदाहरण

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० व विरोधात १,७२,१९१ मते पडली. या कौलाला इंग्रजीत 'ओपिनियन पोल' म्हटले गेले असले, तरी ती न्यादर्शावर आधारलेली पाहणी नव्हती. सर्व मतदारांना विचारलेला तो प्रश्न होता. त्यामुळे ३४,०२१ हा फरक म्हणजे अंदाज नव्हे, प्रत्यक्ष मोजणी होय. दुसरे असे की, एकूण निकाल विरोधात गेला तरी पेडणे, डिचोली भागांत विलीनीकरणाला भक्कम पाठिंबा होता. केवळ एकूण आकडा पाहणाऱ्यास हे तालुके दिसतच नाहीत. तसेच तालुक्याचा आकडा पाहून तेथील एखाद्या व्यक्तीचे मत सांगता येत नाही. समष्टी व न्यादर्श, सरासरी व विचरण, गट व व्यक्ती हे तिन्ही भेद या एका घटनेतून विद्यार्थ्याला समजावून देता येतात.

समारोप

या आढाव्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. आकडेमोड आता संगणक करतो. हा आकडा कोणाकडून घेतला, कोणत्या भाषेत घेतला आणि तो कोणाला लागू पडतो, हे विचारणे मात्र विद्यार्थ्यालाच शिकावे लागते. उद्या हाच विद्यार्थी समुपदेशक किंवा शिक्षक म्हणून एखाद्या मुलाच्या नावापुढे 'मंद' असा शेरा लिहू शकतो. तो शेरा लिहिण्यापूर्वी त्याचा हात क्षणभर थांबावा, एवढे जरी आपल्या अध्यापनाने साधले, तरी या विषयाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.