ठासणीची बंदूक आणि कायद्याचे दोन प्रश्न



गोरेगावात बंदुकीवर बोलायला तत्त्वज्ञानाचा मास्तर कशाला, असं काहींना वाटलं असेल. मी आयुष्यात बंदूक चालवलेली नाही. पण प्रश्न बंदुकीपुरता नाही. जीव वाचवण्याचा हक्क मला आहे. मग त्यासाठी घरी दारूगोळा तयार करण्याचाही हक्क आपोआप मिळतो का?

सुरुवात आपल्याच मुलखापासून करू. १९४७-४८ साली हा भाग निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या भीतीनं गावं रात्र-रात्र जागायची. जुन्या माणसांकडून मी ठासणीच्या बंदुकांच्या गोष्टी ऐकल्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग शिशाचे छर्रे, आणि गजानं ठासायचं. प्रत्येक बार हातानं भरलेला. परवाना कोण विचारणार? ज्यानं रक्षण करायचं, ते राज्यच एका बाजूला झुकलेलं होतं.

तिकडे ब्रिटिश हिंदुस्थानात लिटनच्या काळातला १८७८ चा शस्त्र कायदा होता. त्याच्या जाचातून गोरे मोकळे आणि हिंदी माणूस मात्र परवान्यासाठी दारात उभा. हा अपमान लोकांना इतका लागला होता की १९३१ च्या कराची काँग्रेसनं, नियमांच्या चौकटीत का होईना, शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या ठरावात घातला.

पुढे काय झालं पाहा. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो. त्याच वर्षी डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामतांनी हा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली. विचार सरळ होता: हा हक्क सज्जनाला दिला, तर दरोडेखोरालाही तो नाकारता येणार नाही.

१९५९ चा शस्त्र कायदा याच वाटेनं गेला. पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना त्यानं ठेवला. परवान्याची बंदूक भरणं हा तिचा वापरच झाला. पण घरी दारू बनवणं, रिकाम्या काडतुसांत पुन्हा दारू-शिसं भरणं, ही गोष्ट निराळी. ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत बाराचा भरणा येतो, सुटे भाग येतात, तो बनवण्याची यंत्रंसुद्धा येतात. कलम ५ प्रमाणे निर्मितीला वेगळा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप आहे.

आता स्वसंरक्षण. पूर्वी दंडसंहितेची ९६ ते १०६ ही कलमं होती, आता न्याय संहितेची ३४ ते ४४ आहेत. दर्शन सिंग खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं हा हक्क उदारपणे मान्य केला. धोक्याची रास्त भीती पुरे, जखम होईपर्यंत थांबायला नको. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही.

म्हणजे कोर्ट दोन प्रश्न विचारतं. गोळी झाडणं रास्त होतं का? आणि ती गोळी तुमच्याकडे आली कुठून? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं, तरी दुसरा प्रश्न मिटत नाही.

तिसरी अडचण पुराव्याची. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये १९८९ साली एक बाई घरातल्या बंदुकीच्या गोळीनं गेली. नवरा म्हणाला, आत्महत्या. काडतुसं घरी भरलेली, दारू कमी-जास्त. प्रयोगशाळेनं केलेल्या चाचण्या त्याच्या सांगण्याशी जुळेनात. गोळी किती अंतरावरून सुटली, यावरच वर्षानुवर्षं खटला चालला. आपल्याकडेही ‘तो अंगावर आला होता’ हे अंतरावरूनच ठरतं. ज्याचं माप फक्त आपल्याला ठाऊक, त्याला साक्षीदार कुठून आणणार?

अट्ठेचाळीस साली आजोबांच्या पिढीनं जे केलं, त्याला मी नमस्कार करतो. राज्य नव्हतं म्हणून त्यांनी हातानं बार भरला. आज राज्य आहे, कधी उशिरा येतं, हेही खरं. तेव्हा ते वेळेवर यावं म्हणून भांडू या. घरात दारू कुटणं हे त्याचं उत्तर नाही. थांबतो.