आंबिलीचे मडके आणि कौटिल्याचे किण्व

मंडळी, मार्गशीर्षातली अमावस्या आली की अक्कलकोट भागातल्या घरांतून एक ओळखीचा आंबूस वास दरवळू लागतो. आपण तिला वेळ अमावस्या म्हणतो. घरात बोलताना येळवस म्हणतो. ज्वारीचे पीठ ताकात कालवून दोन-तीन दिवस आधीच मडक्यात ठेवलेले असते. अमावस्येला त्याची आंबील होते, मडके डोक्यावर घेऊन घरची माणसे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा होते, शेताला आंबील शिंपडली जाते, आणि मग भज्जी-भाकरीबरोबर वाडग्यामागून वाडगे रिकामे होतात.

आता एक प्रश्न विचारतो. रात्री मडक्यात घातलेले पीठ गोडसर होते. सकाळी ते आंबट कसे झाले? वर बुडबुडे कुणी आणले? चूल तर पेटवली नव्हती. आजीला विचारले तर ती म्हणेल, “अरे, आंबलं ते!” उत्तर बरोबर आहे, पण पुरे नाही. त्या मडक्यात रात्रभर कोण राबत होते, हे समजायला माणसाला फार मोठा काळ लागला. तोच इतिहास आज आपल्याला पाहायचा आहे.

त्याची सुरुवात, आश्चर्य वाटेल, पण दारूच्या सरकारी खात्यापासून होते. कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ आपल्याला नावाने ठाऊक असते. हा ग्रंथ शतकानुशतके दृष्टीआड होता. म्हैसूरच्या ग्रंथालयात आलेल्या ताडपत्रांच्या पोथीवरून शामशास्त्री यांनी तो 1909 साली छापून प्रसिद्ध केला. पुढे 1960 पासून मुंबई विद्यापीठाने रा. प. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती तीन भागांत काढली. ग्रंथाच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत; पण निदान सतराशे-अठराशे वर्षांइतका तो जुना आहे, एवढे धरून चालू. त्यात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक प्रकरण आहे. राज्यातल्या मद्याचा कारभार याच्या हाती.

या प्रकरणात धान्याच्या मद्याची चक्क मापे दिलेली आहेत. मेदक नावाच्या पेयाला पाणी एक द्रोण, तांदूळ अर्धा आढक आणि किण्व तीन प्रस्थ. एका द्रोणाचे चार आढक आणि एका आढकाचे चार प्रस्थ, हे कोष्टक लावले की हिशेब सोपा होतो: सोळा मापे पाणी, दोन मापे तांदूळ, तीन मापे किण्व. प्रसन्ना नावाच्या दुसऱ्या पेयाला पीठ बारा आढक, म्हणजे अठ्ठेचाळीस मापे, आणि किण्व पाच मापे. आज ज्याला आपण बिअर म्हणतो, आणि इंग्लंडात ज्याच्या जड, कडक प्रकाराला स्ट्राँग एल म्हणतात, त्यांच्याच जातीची ही पेये: धान्यापासून आंबवलेली, भट्टीवर न गाळलेली.

आणि हे किण्व म्हणजे काय? त्याचीही कृती तिथेच आहे. उडदाचा वाटलेला लगदा एक द्रोण, कच्चा किंवा शिजवलेला. त्याहून तिसऱ्या हिश्शाने अधिक तांदूळ. आणि मोरटा वगैरे वनस्पती थोड्या थोड्या. उडीद आणि तांदूळ! आपल्या या मराठी-कानडी मुलखातली कोणतीही गृहिणी हे ऐकून म्हणेल, “हे तर इडलीचं पीठ!” घाई मात्र करू नये. दहाव्या शतकातल्या ‘वड्डाराधने’ या कानडी ग्रंथात इड्डलिगेचे नाव येते. अक्कलकोटाहून फार दूर नसलेल्या कल्याणीला बसून चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’तही इड्डरिका आहे, पण ती उडदाची, तांदळाचा उल्लेख तिच्यात नाही. तेव्हा कौटिल्याचे किण्व हीच इडलीची पणजी, असे म्हणता येत नाही. एवढे मात्र खरे की वाटलेल्या डाळ-तांदळात आंबवण्याची शक्ती वस्तीला येते, हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून माहीत होते.

आणखी एक बारकावा पाहा. सुरा आणि किण्व यांची वेचणी, जमवाजमव, स्त्रियांनी आणि मुलांनी करावी असे ग्रंथात सांगितले आहे. म्हणजे ही विद्या मुळात घरची. राज्याने तिच्यावर हक्क सांगितला तो महसुलासाठी आणि बंदोबस्तासाठी. नेमलेल्या जागेबाहेर मद्य करणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला सहाशे पण दंड होता. तरीही कुटुंबवत्सल माणसाला कार्यप्रसंगी घरी श्वेतसुरा करण्याची, औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीक होती. उत्सव-यात्रेला चार दिवसांची सूट होती. घर आणि सरकार यांच्यातली ही ओढाताण आजची नव्हे.

मद्य गढूळ राहू नये याचीही काळजी आहे. प्रसन्ना या शब्दाचा अर्थच मुळी निवळलेली, स्वच्छ. ठरावीक वनस्पतींच्या चूर्णात किण्व मिसळून त्याची एक मूठ घातली की राजाने प्यावी अशी कुंभभर सुरा निवळते, असे ग्रंथ सांगतो. आपल्याकडे पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या घागरीत निवळीची बी उगाळून फिरवीत असत, त्यातलीच ही युक्ती. गाळ जड होऊन तळाशी बसतो, वरचे स्वच्छ ते अलगद ओतून घ्यायचे.

आता जरा युरोपात जाऊ. बव्हेरियात 1516 साली बिअरविषयी एक प्रसिद्ध फर्मान निघाले: बिअर सातू, हॉप्स नावाच्या वेलीची फुले आणि पाणी यांचीच करावी. यात यीस्ट नाही! कारण तो वेगळा जिन्नस आहे, याची त्या फर्मानाला दखलच नव्हती. आपल्याकडे किण्व मापून घालीत होते. पण किण्व जिवंत आहे हे आपल्यालाही ठाऊक नव्हते. अभिमान धरावा तो एवढ्यापुरताच.

जिवंतपणाचा शोध पुढे टप्प्याटप्प्याने लागला. हॉलंडच्या लेव्हेनहुकने 1680 साली आपल्या भिंगातून बिअरमधले बारीक गोल कण पाहिले. 1837 च्या सुमारास फ्रान्स-जर्मनीतल्या संशोधकांनी ते कण वाढतात, त्यांना अंकुर फुटतात, असे दाखवले. मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यांची थट्टा केली. मग लुई पाश्चर आला. फ्रान्समधल्या लील गावी बीटापासून मद्यार्क करणाऱ्या एका कारखानदाराची पिंपे नासू लागली, म्हणून त्याने पाश्चरकडे धाव घेतली. पाश्चरने चांगल्या आणि नासलेल्या पिंपांतले थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. चांगल्यात गोल कण, नासलेल्यात त्यांहून बारीक दुसरेच जीव. 1857 साली त्याने निबंध वाचला तो दुधाच्या आंबण्यावर, म्हणजे तुमच्या-आमच्या ताकाच्या विषयावर! 1876 साली बिअरवर त्याचा मोठा ग्रंथ निघाला. 1883 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेनने यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध विरजण वाढवले. आजच्या मोठ्या बिअर कारखान्यांचा पाया तिथे घातला गेला.

हे कळले की कडक एलची कृती आपोआप उलगडते. सातूला मोड आणून वाळवतात. मोड येताना दाण्यात पिष्टाची साखर करणारे द्रव्य तयार होते. मोडाचे भरड साधारण पासष्ट अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवले की पाणी गोड होते. ते गाळून हॉप्सबरोबर उकळतात, निववतात आणि मग यीस्ट घालतात. यीस्ट साखर खाते, मद्यार्क आणि कर्बवायू सोडते. साध्या बिअरला चार-पाच टक्के मद्यार्क. कडक एलला आठ-दहा किंवा अधिक. इथेच यीस्टची कसोटी लागते. साखर फार असली की त्याला पहिलाच घास जड जातो. म्हणून विरजण जास्त, ताजे आणि सुरुवातीला हवा खाल्लेले लागते. उष्णता वाढली तर स्वाद बिघडतो. आणि मद्यार्क वाढत गेला की त्या विषाने ते स्वतःच थकते. काम संपल्यावर ते तळाशी बसते. मग वरचे निवळ काढून घ्यायचे, महिनोन् महिने मुरवायचे, हवे तर बारीक गाळणीतून गाळायचे. कौटिल्याची प्रसन्ना आणि ही एल, दोघींची वाट अशी सारखीच आहे.

तर मग आपल्या आंबिलीचे मद्य का होत नाही? कारण आपण ज्वारीला मोड आणत नाही. कोरड्या पिठात साखर थोडी. आणि ताकाबरोबर दुधाम्लाचे जंतू पहिल्या घटकेलाच मडक्याचा ताबा घेतात. आफ्रिका ही ज्वारीची मूळभूमी. तिथे ज्वारीला मोड आणतात आणि तिची दाट, आंबट बिअर करतात. दक्षिण आफ्रिकेत ती आजही घरोघर होते. धान्य तेच, मडके तेच. एका मोडाने पेय बदलते.

आपल्या भागात मद्याचे झाड म्हणजे शिंदी. तिच्या रसात साखर तयारच असते, म्हणून तो काही तासांत आपोआप आंबतो. इंग्रजी अमलात झाडाझाडावर कर बसला. ज्या 1878 साली अक्कलकोटला स्वामी समर्थांनी समाधी घेतली, त्याच साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. साल लक्षात ठेवायला सोपे. अक्कलकोट संस्थान 1948 साली मुंबई राज्यात विलीन झाले. 1949 साली दारूबंदीचा कायदा झाला आणि 6 एप्रिल 1950 पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी आली. पुढे ती सैल झाली. पण तो कायदा नाव बदलून आजही आहे, आणि परवान्याशिवाय घरी मद्य करणे आजही गुन्हा आहे.

बंदीने तहान गेली नाही. विद्या मात्र बिघडली. आंबवण्याच्या जागी चोरून पेटवलेली हातभट्टी आली, आणि तिच्यामागून त्याहून वाईट ते आले. 2004 साली विक्रोळीत ऐंशीहून अधिक आणि 2015 साली मालवणीत शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने गेली. मारणारे होते मिथेनॉल. ते पाण्यासारखे निवळ असते, कोणत्याही फडक्याने, कोणत्याही गाळणीने ते निघत नाही. मंडळी, एवढे एक वाक्य गावात पोचवा: निवळ दिसते ते निर्धोक असतेच असे नाही. आपल्याच जिल्ह्यात 2021 साली ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ ही मोहीम घेतली. हातभट्टीवर जगणाऱ्या तांड्यांतल्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळावा, हा तिचा रोख. नुसती मडकी फोडून भागत नाही, हे त्यातून मान्य झाले.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. कोमट पाण्यात गूळ विरघळवा, चिमूटभर बेकरीचे यीस्ट घाला, बाटलीच्या तोंडाला फुगा लावा. तास-दोन तासांत फुगा उभा राहील. दुसऱ्या बाटलीत तेच पाणी चांगले कडकडीत असताना यीस्ट घाला. तो फुगा पडूनच राहील, कारण कामकरी मेले. पाणी कुणाला चाखू देऊ नका. प्रयोग झाला की ओतून टाका. मग मुलांना सांगा, शास्त्राच्या पुस्तकातला ‘किण्वन’ हा शब्द कौटिल्याच्या किण्वातूनच आला आहे.

आणि येत्या येळवशीला मडक्यावरचे फडके काढाल, तेव्हा ते मडके कालवणाऱ्या बाईला विचारा, ताक किती घातले, थंडी जास्त असली तर काय करतेस, मडके कोणत्या कोपऱ्यात ठेवतेस. तिला उत्तरे येतात. पाश्चरला ज्याचा शोध घ्यावा लागला, त्यातले निम्मे तिच्या हाताला आधीच ठाऊक आहे. ते वहीत उतरवून घ्या. तिच्यानंतर ते सांगायला कुणी उरेलच असे नाही.