घरच्या संगणकापासून टीव्हीपर्यंत : दहा फुटांच्या अंतराचा इतिहास

संगणक जाळ्यांच्या अभ्यासक्रमात आपण खंडांना जोडणाऱ्या सागरी तारांबद्दल वाचतो. प्रस्तुत टिपणाचा विषय त्याहून पुष्कळ लहान अंतराचा आहे. खोलीच्या एका कोपऱ्यात संगणक आहे, त्याच्या हार्ड डिस्कवर चित्रपट आहे आणि दहा फुटांवर टीव्ही आहे. हा चित्रपट त्या पडद्यावर कसा न्यायचा? प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्यात अभियंते, कंपन्या आणि न्यायालये अशी सगळीच मंडळी गुंतली. त्यात वेगाची अडचण फार थोडा काळ होती. बाकीचा सगळा काळ भांडण होते ते भाषेचे. टीव्हीला कोणती फाइल समजावी आणि ते कोणी ठरवावे, हा वाद अजून मिटलेला नाही.

संगणकाच्या आधी

१९८०च्या दशकात मुंबईतल्या इमारतींमध्ये ‘व्हिडिओ केबल’ नावाचा प्रकार सुरू झाला. एका ठिकाणी व्हीसीआर ठेवायचा, त्याला मॉड्युलेटर जोडायचा आणि तिथून जिन्यातून, गच्चीवरून तारा ओढून घरोघर चित्रपट पोहोचवायचा. आजच्या शब्दांत सांगायचे तर व्हीसीआर हा सर्व्हर, कोअ‍ॅक्सिअल तार हे जाळे आणि घरातला टीव्ही हा क्लायंट. मात्र एक मोठा फरक होता. इथे टीव्हीला काहीच नवीन शिकावे लागत नव्हते. मॉड्युलेटरमधून निघणारा संकेत हा दूरदर्शनच्या संकेतासारखाच असे. टीव्हीच्या दृष्टीने ते आणखी एक स्टेशन होते आणि बटण फिरवले की ते लागे. पुढे संगणकाच्या जमान्यात ज्या गोष्टीसाठी वीस वर्षे झगडावे लागले, ती अ‍ॅनालॉग काळात फुकट मिळालेली होती. देशभर एकच पद्धत असल्यामुळे ‘ही फाइल चालत नाही’ असे म्हणण्याची सोयच टीव्हीला नव्हती.

कायद्याचा प्रश्न मात्र लगेच उभा राहिला. गरवारे प्लास्टिक्स विरुद्ध टेलिलिंक या १९८९च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे मुद्दा हाच होता : प्रत्येक जण आपापल्या घरात बसून पाहतो आहे, मग हे खाजगी पाहणे कसे नव्हे? न्यायालयाने ते मान्य केले नाही. प्रेक्षक घरात असला तरी पैसे भरून तार घेतलेली मंडळी म्हणजे जनताच, आणि त्यांना चित्रपट दाखवणे म्हणजे तो सार्वजनिकरीत्या पोहोचवणे, असा निर्णय झाला. आपल्या विषयासाठी हा निकाल मोलाचा आहे, कारण त्याने सीमारेषा तंत्राच्या आधारे आखली नाही. तार किती लांब, यंत्र कोणते, याला महत्त्व दिले नाही. पलीकडे कोण बसले आहे याला दिले. स्वतःच्या घरातल्या दुसऱ्या खोलीत चित्रपट नेणारा आणि अख्ख्या इमारतीला विकणारा, हे दोघे एकच उपकरण वापरत असले तरी एक नव्हेत.

गाझियाबादेतून पाहताना

मी गाझियाबादेत शिकवतो. इथल्या वसाहतींत केबलच्या तारा बाल्कनीतून बाल्कनीत लोंबत असत. केबल जाळ्यांचा कायदा १९९५ साली झाला, आणि डिजिटल सेट टॉप बॉक्स सक्तीचा करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३ या मुदतीच्या यादीत, पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे यांच्याबरोबर गाझियाबादचेही नाव होते. त्याआधी आमच्या भागात केबलवर मराठी वाहिनी दिसणे हा केवळ नशिबाचा भाग होता. आज आहे, उद्या केबलवाल्याने त्या जागी दुसरे काही लावलेले असे. त्यामुळे इथल्या मराठी घरांत एक शिरस्ता पडला होता : सुट्टीत दादरला किंवा पुण्याला गेले की चित्रपटांच्या आणि नाटकांच्या व्हीसीडी घेऊन यायच्या. ओरखडे पडण्याआधी त्या संगणकावर उतरवून ठेवायच्या. ‘श्वास’ २००४ साली आला, राष्ट्रीय पुरस्कार मिळवून ऑस्करच्या स्पर्धेसाठी भारताकडून पाठवला गेला. पण दिल्लीच्या आसपास राहणाऱ्याला तो घरी पाहायचा तर बहुधा तबकडीच शोधावी लागे.

आणि तबकड्या तर शेजारीच बनत होत्या. गाझियाबादला लागून असलेल्या नोएडा आणि ग्रेटर नोएडात मोझर बेअरचे कारखाने होते. या कंपनीने पुढे चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या. चोरट्या प्रतीच्या भावात अधिकृत प्रत मिळू लागली. तबकडीच्या धंद्याचा तो बहराचा काळ होता. २०१८ साली तीच कंपनी अवसायनात निघाली.

तर चित्रपट संगणकात आला. पण सगळे कुटुंब संगणकाच्या पंधरा इंची पडद्याभोवती कसे बसणार? पहिला उपाय तारेचा होता. टीव्ही-आउट असलेले ग्राफिक्स कार्ड नेहरू प्लेसहून आणायचे आणि पिवळी पिन टीव्हीच्या मागे खोचायची. चित्र येई. अक्षरे मात्र धूसर दिसत, आणि चित्रपट थांबवायचा तर उठून माउसपर्यंत जावे लागे.

थोडे गणित

तार नको, जाळ्यातूनच न्यायचे, असे ठरवले तर किती वेग लागतो ते पाहू. आपल्या पाल पद्धतीचे चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे, सेकंदाला २५ चित्रे, ठिपक्यामागे सरासरी १६ बिट्स. गुणाकार करा : सेकंदाला सुमारे १६६ मेगाबिट्स. असे कच्चे चित्र त्या काळच्या १०० मेगाबिट इथरनेटमध्ये मावत नाही. म्हणून संक्षेपण लागते. व्हीसीडीमधल्या एमपेग-१ने चित्राचा आकार लहान करून प्रवाह सुमारे १.१५ मेगाबिट्सवर आणला. डीव्हीडीमधल्या एमपेग-२ला चित्रासाठी जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट्स लागतात. १९९९चे ८०२.११बी वाय-फाय कागदावर ११ मेगाबिट्स देई, प्रत्यक्षात त्याच्या निम्मेच. म्हणजे व्हीसीडी सहज जाई, डीव्हीडी अडखळे. २००३च्या ८०२.११जीनंतर तीही जाऊ लागली. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सर्वसाधारण वापरासाठी परवानामुक्त झाला तो २००५च्या जानेवारीत. वेगाची गोष्ट इथे जवळजवळ संपते.

विद्यार्थ्यांनी केलेली सुरुवात

पॅरिसजवळच्या एकोल सेंट्राल या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचे जाळे विद्यार्थी स्वतः चालवत असत. ते जुन्या टोकन रिंग पद्धतीचे होते आणि त्यावर खेळ खेळताना फार हळू वाटे. नवे जाळे मागायचे तर सबळ कारण हवे. कारण सापडले : उपग्रहावरून येणारा टीव्हीचा संकेत एकाच जागी घ्यायचा आणि जाळ्यातून प्रत्येक खोलीतल्या संगणकावर पाठवायचा. १९९६ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाचे दोन भाग होते, पाठवणारा सर्व्हर आणि पाहणारा क्लायंट. त्यातल्या क्लायंटचे नाव व्हिडिओलॅन क्लायंट, म्हणजे आपण सगळे वापरतो ते व्हीएलसी. १ फेब्रुवारी २००१ रोजी ते जीपीएल परवान्याखाली सर्वांसाठी खुले झाले. व्हीएलसीकडे आपण फाइल उघडण्याचे साधन म्हणून पाहतो, पण त्याचा जन्म चित्रपट जाळ्यातून वाहून नेण्यासाठी झाला होता. खेळायला वेगवान जाळे हवे, हा मूळ हेतू असल्याने त्याचे मोल कमी होत नाही.

दुसरी वाट एक्सबॉक्सवाल्यांची. ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ६४ मेगाबाइट मेमरी असलेले ते खेळाचे यंत्र टीव्हीला आधीच जोडलेले असे. काही हौशी प्रोग्रामरांनी २००२च्या सुमारास त्यात स्वतःचा प्लेअर घुसवला आणि संगणकावरच्या फाइली थेट तिथे वाजवू लागले. तोच पुढे एक्सबीएमसी आणि २०१४पासून कोडी. या वाटेचे शहाणपण असे की टीव्हीवर मुळीच अवलंबून राहायचे नाही. टीव्ही म्हणजे नुसता पडदा. डोके वेगळ्या पेटीत.

करार आणि त्यातली पळवाट

कंपन्यांनाही हे बाजार म्हणून दिसत होते. २००३च्या जूनमध्ये सोनी, इंटेल आदी कंपन्यांनी एक संघटना काढली, तिचे नाव पुढे डीएलएनए झाले. तिची रचना तुम्ही प्रयोगशाळेत आजही पाहू शकता. टीव्ही चालू होताच २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट पत्त्यावर, १९०० क्रमांकाच्या पोर्टवर हाक मारतो : कोणी चित्रपट देणारा आहे का? सर्व्हर उत्तर देतो, यादी पाठवतो आणि फाइल साध्या एचटीटीपीने जाऊ लागते. पासवर्ड नाही, पत्ता टाइप करणे नाही. वायरशार्क लावून ही हाक आणि प्रतिसाद जरूर पाहा. वसतिगृहाच्या वाय-फायवर बहुधा दिसणार नाहीत, कारण तिथे एका उपकरणाला दुसरे दिसू नये अशीच व्यवस्था केलेली असते.

ओळख करून देण्याचे काम डीएलएनएने छान केले. गाडी अडली ती पुढच्या पायरीवर. घरगुती उपकरणांना चलचित्रासाठी एमपेग-२ समजणे सक्तीचे होते; बाकीचे प्रकार ऐच्छिक. लोकांच्या हार्ड डिस्कवर मात्र डिव्हएक्सच्या एव्हीआय आणि नंतर एमकेव्ही फाइली भरलेल्या. टीव्हीतली डीकोडर चिप कारखान्यातच ठरते आणि प्रत्येक कोडेकमागे परवान्याचे पैसे पडतात. त्यामुळे ‘ऐच्छिक’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक कंपनीने आपापल्या हिशेबाने लावला. प्रमाणपत्राचा शिक्का दोन्हींवर, तरी एका टीव्हीवर चित्रपट चाले आणि दुसऱ्यावर ‘हा प्रकार समर्थित नाही’ अशी पाटी येई. माझ्या मते डीएलएनएचे अपयश इथे आहे. ज्या मुद्द्यावर भांडण होते, नेमका तोच तिने मोकळा सोडला.

ही फट भरून काढली ती पुन्हा खुल्या सॉफ्टवेअरने. फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेल्या एफएफएमपेगच्या आधारे असे सर्व्हर निघाले, जे टीव्हीला काय समजते ते ओळखून फाइल जाता जाता बदलत. संगणकाचा पंखा जोरात घोंघावू लागला की घरात कळे, चित्रपट ‘भाषांतरित’ होऊन चालला आहे.

मराठी वाचकाला ठाऊक असलेली एक अडचण याच जातीची आहे. उपशीर्षके देवनागरीत असतील तर कित्येक टीव्हींवर त्यांच्या जागी चौकोन दिसत, किंवा अक्षरे आलीच तर वेलांट्या सुट्या पडून जोडाक्षरे मोडलेली असत. फाइल युनिकोडमध्ये बिनचूक असे. टीव्हीत देवनागरीचा फाँट आणि अक्षरे जुळवण्याची सोय नसे. उपाय एकच होता, उपशीर्षके संगणकावरच चित्रात कोरून मग पाठवणे.

फाइल घरात उरलीच नाही

२०१३च्या जुलैत गूगलने ३५ डॉलरचा क्रोमकास्ट आणला. वरवर पाहता तो हेच काम करतो : हातातल्या पडद्यावरचे चित्र टीव्हीवर. पण आत उलटा प्रकार आहे. फोन किंवा संगणक एरवी फक्त पत्ता सांगतो. चित्रपट ती काडी स्वतः इंटरनेटवरून ओढते. दहा फुटांचे अंतर कापण्याऐवजी तो दूरच्या डेटा सेंटरमधून येतो. २०१६च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आले, त्याच सप्टेंबरात जिओ सुरू झाले आणि बहुतेकांना ही वाट अधिक सोपी वाटली. डीएलएनए संघटना २०१७च्या जानेवारीत विसर्जित झाली. सोय खरी आहे, मीही ती वापरतो. पण सेवेच्या यादीतून एखादा चित्रपट काढला गेला तर तो आपल्या घरातूनही जातो. जुना मराठी चित्रपट किंवा नाटक कोणत्याच सेवेवर नसेल तर दादरहून आणलेली ती तबकडी आणि तिची संगणकावरची प्रत एवढेच उरते. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीनंतर खाजगी वा वैयक्तिक उपयोगासाठीच्या रास्त वापराला जागा आहे. ती घराच्या भिंतीपर्यंतच पुरते हे गरवारे खटल्यावरून ध्यानात घ्यावे.

खुली साधने टिकून आहेत, तीही धडधाकटपणे नव्हे. २०२२च्या फेब्रुवारीपासून व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ भारतात बंद करण्यात आले होते. ऑक्टोबरात संस्थेने कायदेशीर नोटीस दिल्यावर नोव्हेंबरात बंदी उठली. त्याआधी, २०१८च्या अखेरीस, एम्बी या घरगुती चित्रपट-सर्व्हरच्या कर्त्यांनी आपला कोड बंदिस्त केला. तेव्हा काही प्रोग्रामरांनी त्याची शेवटची खुली आवृत्ती उचलली आणि जेलिफिन या नावाने पुढे चालू ठेवली. आमच्या महाविद्यालयातले विद्यार्थी टाकाऊ लॅपटॉपवर तीच बसवतात.