क्षणभर हललेली सुई

१८२० सालीं कोपनहेगनच्या ओर्स्टेडनें विद्युत्प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते असें दाखविलें. विजेपासून चुंबकत्व मिळतें, तर चुंबकापासून वीज कां मिळूं नये, हा प्रश्न त्यानंतर युरोपांतील शास्त्रज्ञांस छळूं लागला.

जिनीव्हाच्या कोलादों या तरुण संशोधकानें १८२५ सालीं तारेच्या वेटोळ्यांत बलवान लोहचुंबक घालून पाहिला. चुंबकाच्या सान्निध्यानें मापकाची सुई उगीच ढळूं नये म्हणून तें मापक त्यानें लांब तारांनीं जोडून दुसऱ्या खोलींत ठेविलें होतें. चुंबक आंत सरकवून तो तेथें जाऊन पाही, तों सुई स्थिर! दक्षतेनेंच त्याचा घात केला. मापकापाशीं एखादा मदतनीस बसविला असता, तर शोधाचें श्रेय कदाचित् जिनीव्हाकडे गेलें असतें.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मायकेल फॅरडेनें २९ ऑगस्ट १८३१ रोजीं एका लोखंडी कड्यावर दोन अलग वेटोळीं गुंडाळलीं. एक बॅटरीला जोडलें. दुसऱ्याची तार सुमारें तीन फुटांवरील चुंबकसूचीवरून नेली. अंतर राखलें, पण सुई डोळ्यांसमोर होती. प्रवाह सुरू होतांच ती थरथरली व पूर्वस्थितीवर आली. प्रवाह तोडतांच पुन्हा हलली. मधल्या वेळांत प्रवाह चालू असूनही ती निश्चलच! चुंबकत्व नुसतें असून भागत नाहीं. तें बदलत असावें लागतें.

१७ ऑक्टोबरला पोकळ वेटोळ्यांत चुंबकाची कांडी नुसती आंतबाहेर करून त्यानें हेंच सिद्ध केलें. २८ तारखेस चुंबकाच्या ध्रुवांमध्यें तांब्याची तबकडी फिरवून अखंड प्रवाह मिळविला. पुढल्याच वर्षीं पॅरिसच्या पिक्सीनें हातानें फिरवावयाचें जनित्र तयार केलें.