मतांनी गेलेलं बॅरो

प्ले-ऑफ म्हणजे निव्वळ अन्याय, असं म्हणणारे फुटबॉलवेडे मला दर मे महिन्यात भेटतात. वर्षभर राबून तिसरा आलेला क्लब राहतो खाली आणि सहावा आलेला दोन-तीन सामन्यांत नशीब काढून वर जातो! त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण मी प्ले-ऑफच्या बाजूचा आहे, आणि तो झालो माझ्या थोरल्या काकांमुळे.

काका डॉक्टर होऊन विलायतेला गेले आणि बॅरो-इन-फर्नेसला स्थिरावले. इंग्लंडच्या वायव्य टोकाचं, पाणबुड्या बांधणारं गाव. काका मूळचे कोल्हापूरचे. जिथं पेठेपेठेतल्या तालमीची फुटबॉल टीम असते, तिथं वाढलेल्या माणसाला शनिवारी दुपारी हॉलकर स्ट्रीटच्या मैदानाकडे वळायला कुणी सांगावं लागलं नाही. रजेवर घरी आले की रात्री गच्चीवर त्यांची एक गोष्ट ठरलेली असायची : 1972 ची.

तेव्हा इंग्लंडच्या लीगमध्ये चार डिव्हिजन आणि 92 क्लब होते. आतल्या आत चढ-उतार व्हायचा तो पॉइंटांवर. चौथ्या डिव्हिजनच्या तळाशी मात्र हिशेब निराळा. शेवटच्या चार क्लबांनी उन्हाळ्यात लीगच्या सभेपुढे हात जोडायचे, बाहेरच्या क्लबांनीही अर्ज करायचे आणि मग मतदान. वरच्या दोन डिव्हिजनमधल्या प्रत्येक क्लबाला एक मत. खालच्या दोन्हींमधल्या 48 क्लबांना मिळून चार! “साखर कारखान्याची निवडणूकच की रे ती,” काका म्हणायचे, “आत बसलेल्यांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं.” सांभाळून घ्यायचेही. हार्टलपूलनं 14 वेळा असे हात जोडले आणि दर वेळी तो वाचला.

बॅरो वाचला नाही. त्या वर्षी तो 22वा होता; स्टॉकपोर्ट आणि क्रू त्याच्याही खाली. पण फेब्रुवारीत लीगबाहेरच्या हेरफर्डनं एफए कपमध्ये न्यूकॅसलला हरवलं होतं. रॉनी रॅडफर्डनं चिखलातून, लांबून मारलेला तो गोल साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिला होता. पहिल्या मतदानात हेरफर्ड आणि बॅरो 26-26. पुन्हा मतं घेतली : हेरफर्ड 29, बॅरो 20. लीगमधली 51 वर्षं एका दुपारी संपली, आणि बॅरोच्याही खाली असलेले दोघे आतच राहिले.

गोदीतले म्हातारे कामगार दवाखान्यात यायचे ते खोकल्याइतकीच ही तक्रार घेऊन. कुणी म्हणे, मैदानाभोवती स्पीडवेचा ट्रॅक केला म्हणून मतं गेली. कुणी म्हणे, एवढ्या आडबाजूला सामन्याला यायचा कंटाळा. काकांना दुसरं कारण पटायचं. पाचच वर्षांनी, 1977 मध्ये, त्याच भागातलं वर्किंग्टनही असंच मतांनी गेलं.

वर्किंग्टनच्या जागी आला विम्बल्डन. इथं मी काकांना अडवायचो. हाच विम्बल्डन 1986 मध्ये पहिल्या डिव्हिजनला पोचला आणि 1988 मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप घेऊन गेला. मग मतदारांचं काय चुकलं? काका शांतपणे सांगायचे, “पोरं झकास खेळली. पण वर्किंग्टनला मैदानात हरवून आत आली असती, तर मी उभा राहून टाळ्या वाजवल्या असत्या.” यावर माझ्याकडे उत्तर नसायचं. 1980 मध्ये ऑल्ट्रिंचम तर एका मतानं बाहेर राहिला होता.

1987 मध्ये हे बदललं. तळाचा एक क्लब थेट बाहेर आणि त्याखालच्या लीगचा विजेता थेट आत. लिंकन पडला, स्कारबरो आला. 1960 चा लीगविजेता बर्न्ली शेवटच्या दिवशी ओरिएंटला 2-1 हरवून कसाबसा तगला. प्ले-ऑफही त्याच वर्षीचे. मूळ कारण रुक्ष : पहिली डिव्हिजन 22 वरून 20 वर आणायची होती. पण एप्रिलपर्यंत निम्म्या गुणतक्त्याला आशा राहते, मैदानं भरतात, हे ध्यानात आल्यावर ते कायमचे झाले. 1990 मध्ये अंतिम सामना वेम्बलीत गेला.

क्रूर आहेच ते. 2023 मध्ये नॅशनल लीगमध्ये, म्हणजे त्याच खालच्या लीगमध्ये, नॉट्स काउंटीनं 107 पॉइंट मिळवले, तरी 111 वाला रेक्सम थेट वर गेला आणि काउंटीला प्ले-ऑफ खेळावे लागले. उपांत्य सामन्यात 0-2 वरून अगदी 120व्या मिनिटाला जिंकले, अंतिम सामना पेनल्टीवर. हरले असते तर मीही शिव्या घातल्या असत्या. पण नियम ऑगस्टमध्येच सगळ्यांना ठाऊक होता, आणि चेंडू त्यांच्या पायाशी होता. बॅरोला 1972 मध्ये तेवढंही मिळालं नाही.

बॅरो परतला 48 वर्षांनी. 2020 मध्ये कोविडनं मोसम थांबला तेव्हा तो नॅशनल लीगमध्ये पहिला होता. सरासरी पॉइंट धरून त्याला वर घेतलं. फोनवर काका हसत होते : “गेलो ते न खेळता, आलो तेही न खेळता.”

नॅशनल लीगमधून वर जायला जागा दोनच : एक विजेत्याला, दुसरी प्ले-ऑफमधून. लीग टूमधून, म्हणजे पूर्वीच्या चौथ्या डिव्हिजनमधून, मात्र चार क्लब वर जातात. तिसरी जागा द्या, अशी मागणी नॅशनल लीगच्या तिन्ही विभागांतल्या 72 क्लबांनी 2025 मध्ये एकमुखानं केली. ती मान्य करणं वरच्या 72 क्लबांच्या मतांवर अवलंबून. म्हणजे पुन्हा मतदान, पुन्हा आत बसलेल्यांचंच. माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो : तिसरी जागा द्यायलाच हवी.